आधी बसा, मग हिशेब करा
(लूक १४:२८-३०, उत्पत्ती ४१:३३-३६)



आपला प्रायश्चित्तकाळ आणि जोतिबाचे खेटे बहुतेक वर्षी मागेपुढेच येतात. माघातल्या रविवारी आपले शेजारी शिवाजी पुलावरून वडणगे, निगवे, कुशिरेमार्गे डोंगराची वाट चालतात आणि आपण मिस्साला निघतो. रविवार हा त्यांच्या देवाचा वार आहे, तसाच तो आपल्या प्रभूचाही. चैत्र पौर्णिमेची मोठी यात्रा तर पुष्कळदा आपल्या पवित्र सप्ताहाच्या आसपास येते, कारण पुनरुत्थानाचा रविवारदेखील वसंतातल्या पौर्णिमेवरूनच ठरतो.

आज मी त्या डोंगराचे नाव काढतो आहे ते पोटापाण्याच्या गोष्टीसाठी. वाडी रत्नागिरीवर गुलाल, खोबरे, नारळ आणि दवणा विकणारे, चहाची गाडी लावणारे, फोटो काढून देणारे, वडाप चालवणारे अशा अनेकांची चूल यात्रेच्या दिवसांवर आणि रविवारच्या गर्दीवर पेटते. चैत्रातल्या चार दिवसांत जे गाठीला येते ते पुढे कित्येक महिने पुरवायचे असते. २०२० साली टाळेबंदी आली आणि चैत्र यात्रा भरली नाही. २०२१ सालीही ती भाविकांविनाच पार पडली. सासनकाठ्यांची मिरवणूक आणि गुलालाने माखलेला डोंगर पुन्हा दिसला तो थेट २०२२ मध्ये. विचार करा, ज्याचे वर्षाचे उत्पन्न चार दिवसांत येते त्याचे ते चार दिवस सलग दोन वर्षे आलेच नाहीत.

आपण खाली शहरात राहणारे तरी वेगळे कुठे होतो? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. त्यातून सावरतो न सावरतो तोच महामारी आली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. त्या तीन वर्षांत कोल्हापुरातल्या घराघरांत एकच प्रश्न होता : गाठीला काय आहे? ज्यांच्या गाठीला थोडे होते त्यांनी दिवस काढले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी आधी सोने तारण ठेवले, मग हात उसने घेतले आणि शेवटी सावकाराचे दार गाठले. त्या दिवसांचे कर्ज अजून फेडणारी घरे आहेत. ती नेहमी आपल्या नजरेला येत नाहीत, कारण कर्ज हा आपल्या समाजात आजारापेक्षाही जास्त झाकून ठेवायचा विषय आहे.

म्हणून आज पैशाविषयी बोलू या. चर्चमध्ये पैशाचा विषय निघाला की लोक समजतात, वर्गणी मागणार! आज वर्गणीचा विषय नाही. तुमच्या घरातल्या पैशाविषयी बोलायचे आहे.

फारोला पडलेल्या स्वप्नाचा अर्थ योसेफाने सांगितला ती कथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. सात पुष्ट गायी आणि सात रोडक्या गायी, सात वर्षे सुगीची आणि सात दुष्काळाची. पण स्वप्नाचा अर्थ सांगून योसेफ थांबला नाही, हे आपण विसरतो. त्याने लगेच उपाय सांगितला आणि आकडाही सांगितला : सुगीच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढावा आणि नगरोनगरी साठवावा. देवाने भविष्य दाखवले ते लोकांनी घाबरून बसावे म्हणून नव्हे, कोठारे बांधावीत म्हणून. योसेफाच्या बाबतीत श्रद्धा आणि हिशेब ही दोन निराळी खाती नव्हती.

इथे तुमच्यापैकी कोणी मला थांबवील. ‘फादर, प्रभू येशूने तर उद्याची चिंता करू नका असे सांगितले. आकाशातली पाखरे पाहा म्हणाला. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका म्हणाला. मग ही बचत कशाला?’ शंका रास्त आहे, तिला उडवून लावता येणार नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात तर प्रभूने एका श्रीमंत शेतकऱ्याचा दाखलाच दिला आहे. त्याचे पीक अमाप आले, त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची ठरवली, आणि त्याच रात्री त्याला देवाघरचे बोलावणे आले. देवाने त्याला मूर्ख म्हटले.

आता ही दोन कोठारे शेजारी शेजारी ठेवून पाहा. योसेफानेही साठवले आणि या शेतकऱ्यानेही साठवले. मग एक शहाणा आणि दुसरा मूर्ख कसा? दाखला सावकाश वाचा. तो शेतकरी संपूर्ण दाखल्यात स्वतःशीच बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव! त्याला बायको नाही, मुले नाहीत, गडी नाहीत, शेजारी नाहीत. तो कोणाशीही सल्लामसलत करत नाही. त्याचे कोठार भरल्यावर बंद होणार होते. योसेफाचे कोठार उघडण्यासाठीच भरलेले होते. दुष्काळ पडला तेव्हा त्यातून मिसरी लोक जगले, आणि ज्या भावांनी त्याला विकले होते तेही त्याच धान्यावर जगले. बचत ख्रिस्ती आहे की नाही हे ओळखायला मला याहून सोपी खूण सापडलेली नाही : हे कोठार उघडणार कोणासाठी?

आणि चिंतेचे म्हणाल तर, ज्या घरात हिशेब नाही त्या घरात चिंता जास्त असते. महिन्याच्या वीस तारखेला फोन वाजला की छातीत धस्स होते, हप्तेवाला दारात आला की मुलाला ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगायला लावतात. त्या घराला पाखरांचा निश्चिंतपणा कुठून मिळणार? एवढेसे पोर खोटे बोलायला शिकते ते तिथेच.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू बुरुजाचा दाखला देतो. ज्याला बुरूज बांधायचा आहे तो आधी बसतो आणि पुरा करण्याइतके आपल्याजवळ आहे की नाही याचा हिशेब करतो. तसे केले नाही तर पाया घालून काम अडते आणि येणारे-जाणारे हसतात. प्रभू इथे आपल्या शिष्यत्वाची किंमत सांगत होता, हे खरे. पण दाखला त्याने घरबांधणीचा निवडला, कारण ऐकणाऱ्यांना अर्धवट राहिलेली बांधकामे पाहून माहीत होती. आपल्यालाही आहेत. स्लॅब पडला, वरच्या सळया गंजत उभ्या आहेत, आणि खाली कुटुंब पत्र्याखाली राहते आहे, अशी घरे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत.

त्या दाखल्यातला ‘बसणे’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. हिशेब उभ्या उभ्या होत नाही. मोटारसायकलवर किक मारता मारता ‘किती पाहिजेत?’ आणि स्वयंपाकघरातून ‘पाचशे द्या’, याला हिशेब म्हणत नाहीत. नवरा आणि बायको दोघांनी एका वहीसमोर बसायचे असते. बहुतेक घरांत पगार किती हे बायकोला नीट माहीत नसते, आणि घरात कशाला किती लागते हे नवऱ्याला माहीत नसते. मग भांडण पैशावरून होत नाही, अंधारावरून होते.

एक नमुना म्हणून घर घेऊ. नवरा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला, महिन्याला हातात १८,००० रुपये. बायको शिवणकाम करून ४,००० मिळवते. एकूण २२,०००. घरभाडे ५,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस, लाइटबिल मिळून ८,५००. मुलांची शाळा, रिक्षा, वह्या-पुस्तके ३,०००. पेट्रोल १,५००. मोबाइल ६००. औषधपाणी ८००. बेरीज १९,४००. म्हणजे २,६०० रुपये उरायला हवेत. पण महिनाअखेरीला त्या घरात विचारा, उरले का? उलट दुकानदाराची उधारी असते.

ते २,६०० कुठे जातात याची दोन उत्तरे आहेत. पहिले सर्वांना माहीत आहे : वडा-मिसळ, पान-तंबाखू, मोबाइलवर स्कॅन करून दिलेले वीस-पन्नास रुपये. स्कॅन करताना नोट हातातून सुटत नाही, त्यामुळे दिल्यासारखे वाटत नाही. वही लिहिली की महिनाभरात हे आपोआप कमी होते, त्यासाठी प्रवचनाची गरज नाही. मटका आणि दारू यांचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत बसत नाही. त्याविषयी पुन्हा केव्हातरी बोलू.

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे. वर्षातून एकदा येणारे खर्च आपण महिन्यात धरत नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना ९,००० लागतात. नाताळात कपडे, फराळ आणि पाहुणे मिळून ६,०००. गाडीचा विमा आणि दुरुस्ती ३,०००. झाले १८,०००, म्हणजे महिन्याला १,५००. जून महिना आला की आपण म्हणतो, ‘अचानक खर्च निघाला!’ अहो, जून दरवर्षी मे महिन्यानंतरच येतो आणि नाताळ २५ डिसेंबरलाच असतो. अचानक काय ते आजारपण आणि अपघात. बाकीचे सगळे आपल्या ओळखीचे पाहुणे आहेत, आपण फक्त त्यांचे ताट वाढून ठेवत नाही.

ते १,५०० वेगळे काढले की उरतात १,१००. त्यातले ३०० देवाचे आणि गरिबाचे, ८०० बचतीचे. वर्षाचे ९,६०० होतात आणि दोन वर्षांत १९,२००, म्हणजे त्या घराच्या जवळजवळ एका महिन्याच्या खर्चाइतके. योसेफाचा पाचवा हिस्सा या घराला परवडणार नाही, आणि तो काही आज्ञा म्हणून दिलेलाही नाही. पण एक महिना कोणाच्या दारात न जाता काढता येईल, ही गोष्ट लहान नव्हे.

शेतकऱ्यांचे गणित निराळे आहे. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते आणि तेच घर चालवते. उसाचे बिल मात्र वर्षातून एकदोनदाच येते, आणि ज्या दिवशी ते खात्यावर जमा होते त्या दिवशी सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि पोराची नवी गाडी असे तिघेही दारात उभे असतात. उसाचे बिल ही फारोची सुगी आहे. ते खात्यावर येण्याआधी, उसाला तोड आली की तेव्हाच, वाटणी कागदावर झालेली बरी. पैसा हातात आल्यावर होणारी वाटणी ही वाटणी नसते, ती लूट असते.

आता कर्जाकडे येऊ. तेही लपवाछपवी न करता.

वरच्याच घराने मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी २०,००० रुपये घेतले असे धरा, शेकडा पाचने. ऐकायला पाच हा आकडा किती लहान वाटतो! पण तो महिन्याचा असतो. महिन्याला १,००० रुपये व्याज, वर्षाला १२,०००, आणि मुद्दल २०,००० जिथल्या तिथे. म्हणजे १,१०० ची सगळी शिल्लक एका दिवसाच्या जेवणावळीने खाल्ली. आणि ती जेवणावळ कशासाठी होती? ज्या प्रभूने एका भाकरीच्या रूपात स्वतःला दिले, त्याला त्या लेकराने प्रथमच स्वीकारले म्हणून. हॉल, केटरर, चौकात डिजिटल बोर्ड, सगळ्या नातलगांना आहेर. मी आनंदाच्या विरुद्ध नाही. काना गावच्या लग्नात प्रभू स्वतः गेला होता आणि द्राक्षारस कमी पडला तेव्हा त्याने उपदेश केला नाही, सोय केली. पण कानाच्या त्या घराने व्याजाने पैसे काढल्याचे शुभवर्तमानात कुठे दिसत नाही. साक्रामेंताला खर्च लागत नाही. गरिबीमुळे कोणी साक्रामेंतापासून वंचित राहू नये याची काळजी धर्मगुरूने घ्यावी, असे कॅनन कायद्याचे ८४८ वे कलमच सांगते. तेव्हा बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद, लग्न यांतले काहीही पैशासाठी लांबवू नका आणि पैशासाठी कर्जही काढू नका. चहा-बिस्किटांवर झालेला सण मी जाहीरपणे सर्वांत आधी आशीर्वादीन.

नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात म्हटले आहे की ऋणको हा धनकोचा दास होतो. ही अतिशयोक्ती नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, एका संदेष्ट्याची विधवा अलीशाकडे रडत येते, कारण सावकार तिची दोन मुले गुलाम म्हणून न्यायला आलेला असतो. देवाची सेवा करणाऱ्या माणसाचे घर होते ते! तिथेही कर्ज होते. म्हणून कर्ज असलेल्या माणसाकडे पापी म्हणून पाहू नका. अलीशाने तिला आधी विचारले ते हे, की घरात काय आहे? ती म्हणाली, थोड्याशा तेलाशिवाय काही नाही. हिशेब तिथून सुरू झाला, जे नाही त्यापासून नव्हे तर जे आहे त्यापासून. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायची होती. म्हणजे शेजाऱ्यांना कळणार होते. तेल वाढले, आणि अलीशाने सांगितले की ते विकून आधी कर्ज फेड आणि उरलेल्यावर तुम्ही मायलेकरे जगा. हा चमत्कारही हिशेबाच्या क्रमाने झाला.

या कथेतले शेजारी मला नेहमी आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाची आठवण देतात. १४६२ मध्ये इटलीतल्या पेरूजा शहरात फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या पुढाकाराने गरिबांना वस्तू तारण ठेवून अगदी माफक दराने पैसे देणारा निधी उभा राहिला. व्याजाला पाप मानणाऱ्या त्या काळात यावर मोठा वाद झाला. शेवटी १५१५ साली लॅटरन परिषदेत अशा निधींना मान्यता मिळाली. आपल्या देशात फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ मध्ये छोटानागपुरात, सावकारांनी जमिनी गिळलेल्या आदिवासींसाठी, कॅथॉलिक सहकारी पतसंस्था सुरू केली. आणि आपल्याच महाराष्ट्रात वसईच्या पापडी येथे मोन्सिग्नोर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये आपल्या भाविकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी बॅसीन कॅथॉलिक सहकारी संस्था काढली. ती आज वसईकरांची मोठी बँक आहे. जरा विचार करा, १९१८ साली एका धर्मगुरूला असे का वाटले असेल, की आपण जपमाळ शिकवतो तशी बचतही शिकवली पाहिजे? जो माणूस सावकाराचा बांधलेला आहे तो रविवारी देवळात आला तरी त्याचे मन सोमवारच्या व्याजाकडे असते, हे त्यांनी पाहिले असणार.

थोडे व्यवहाराचे सांगतो. खासगी सावकारीला महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवाना लागतो. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते. कोरा धनादेश किंवा कोरा स्टॅम्प पेपर सही करून कोणालाही देऊ नये. बायकांच्या गटावर मिळणारे कर्ज सोपे वाटते, पण एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचे कर्ज काढले की फास आवळत जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशी कर्जे देताना घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हा नियम देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने निम्म्यापर्यंत जायलाच पाहिजे असे त्यात नाही.

बचत कुठे ठेवावी, हेही पुष्कळ जण विचारतात. भिशी चांगली, पण ओळखीच्या दहा-बारा जणांची आणि झेपेल एवढीच. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. २०२० पूर्वी ते १ लाखच होते. पतसंस्थांच्या ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणत नाही, चांगल्याही आहेत. पण दीड-दोन टक्के जादा व्याजासाठी सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणाऱ्याला हा फरक माहीत असावा. पोस्टात महिना १०० रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्ती खाते उघडता येते. आणि जो कोणी थोड्या महिन्यांत दामदुप्पट देतो म्हणतो, तो आपल्याच नात्यातला, आपल्याच देवळातला असला तरी त्याला हात जोडून नाही म्हणा. कोल्हापूरकरांनी या आमिषाची किंमत पुष्कळ मोजली आहे.

आता त्या ३०० रुपयांविषयी, जे मी बचतीच्या आधी लिहिले. संत पौल करिंथकरांना पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात अगदी घरगुती सूचना करतो : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. ते पैसे जेरुसलेमच्या गरीब बांधवांसाठी होते. पाहा, त्याला दान हे भावनेच्या भरात नको आहे. तो येईल तेव्हा धावपळीची वर्गणी नको, असेही तो म्हणतो. दर रविवारी, थोडे, ठरवून. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ख्रिस्ती ग्रंथात तर उपवासाची रीतच अशी सांगितली आहे की, त्या दिवशी न खाल्लेल्या जेवणाचा खर्च मोजावा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. आपण शुक्रवारी मांस सोडतो आणि सुरमई आणतो. हिशेब केला तर उपवासाच्या दिवसाचा खर्च रोजच्याहून जास्त भरतो! या प्रायश्चित्तकाळात हे गणित एकदा वहीत मांडून पाहायला हरकत नाही.

हिशेबाची अपेक्षा मात्र एकतर्फी नको. चर्चला दिलेल्या पैशाचा जमाखर्च भाविकांसमोर ठेवावा, असे कॅनन कायदाच सांगतो, आणि प्रत्येक धर्मग्रामात अर्थविषयक समिती असलीच पाहिजे. तुम्ही विचारा. विचारणे हा अविश्वास नव्हे.

एक गोष्ट राहिली आणि ती मला जड जाते. आपल्यात अशीही घरे आहेत, जिथे वही लिहिली, वडा सोडला, सगळे केले, तरी बेरीज वजाबाकीतच संपते. विधवा बहीण चार घरची धुणीभांडी करते, किंवा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे. त्यांना बचतीचा उपदेश करणे हे क्रूर होईल. मंदिरात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची प्रभूने वाहवा केली, पण त्या प्रसंगाच्या अगदी आधीच्या ओळींत त्याने विधवांची घरे गिळणाऱ्यांची हजेरी घेतली आहे, हे आपण सोयीने विसरतो. अशा घरांसाठी बाकीच्यांचे कोठार उघडले पाहिजे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसह संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाने जी संस्था उभी केली, तिचे काम हेच : घरी जायचे, बसायचे, ऐकायचे आणि गाजावाजा न करता मदत द्यायची. असे घर तुमच्या गल्लीत असेल तर नाव फक्त माझ्या कानावर घाला. वेदीवरून ते कधीही उच्चारले जाणार नाही.

आता आज रात्रीचे. जेवण झाल्यावर टीव्ही बंद करा. मुलाच्या जुन्या वहीतली कोरी पाने चालतील. क्रूसाची खूण करा आणि दोघे बसा. मुले मोठी असतील तर त्यांनाही बसवा. घरात पैसा कसा येतो हे त्यांना कळू द्या, म्हणजे मोबाइलचा हट्ट धरताना ती निदान एकदा थांबतील. डाव्या बाजूला येणारे लिहा, उजव्या बाजूला जाणारे. आणि तुमच्यापैकी एकाने काढलेले, दुसऱ्याला माहीत नसलेले एखादे कर्ज असेल, मित्राचे, गटाचे, सोन्यावरचे, ते पहिल्या ओळीत लिहा. जो लिहील त्याला बोलू देत. ऐकणाऱ्याने त्या रात्री फक्त एवढेच विचारावे, किती राहिले आहेत आणि कोणाचे.